पडद्यामागून : कावळा शिवेना

नाट्यस्पर्धांचा हंगाम जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते. या वेळी मात्र विषयही एकच निघाला. नाशिक शहरातून आणि आसपासच्या गावांतून आलेल्या बहुतेक पत्रांतल्या नाटकांत एक मुलगी आहे. ती 'गॉथ' म्हणतात तसे काळे कपडे घालते, वर्गात शेवटच्या बाकावर एकटी बसते, वहीच्या मागच्या पानांवर वटवाघळं काढते. तिला छळणारे दोन-तीन जण आहेत, आणि ती त्यांचा वचपा काढते तो हसू यावं आणि अंगावर काटाही यावा असा. लिहायला आणि उभं करायला हा प्रकार अवघड आहे, कारण भय आणि हसू दोन्ही क्षणावर अवलंबून असतात आणि एकाचा क्षण चुकला की दुसराही जातो. म्हणून ही पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमची एकांकिका 40 मिनिटांची आहे. नायिका जुन्या नाशकातल्या वाड्यात आजीजवळ राहते. कॉलेजातली तीन मुलं तिला 'शूर्पणखा' म्हणतात. एक तिच्या चपला लपवतो, दुसरा तिचं मोबाइलवर चित्रण करून ग्रुपवर टाकतो, तिसरा सगळ्यांना हे करायला लावतो. शेवटच्या दहा मिनिटांत ती तिघांना वाड्यात बोलावून मारते. वाचनाच्या वेळी कुणी हसलं नाही आणि कुणी घाबरलंही नाही. कुठे चुकतंय? (नाट्यमंडळ, कॉलेज रोड)

उत्तर : चूक आधीच्या तीस मिनिटांत आहे. तेवढा वेळ नायिका नुसती सोसते आणि मग अचानक सुरा काढते. तिची तयारी प्रेक्षकांनी पाहिलेलीच नसते. या प्रकारच्या नाटकात प्रेक्षक तिच्या कटात सामील असावा लागतो. खड्डा कुठे खणलाय हे त्याला माहीत हवं आणि त्यात पडणाऱ्याला माहीत नको. मग तो मुलगा खड्ड्याकडे नुसता चालत आला तरी हसू फुटतं, आणि पाय टाकायच्या आधीच्या क्षणाला तेच हसू घशात अडकतं. त्यासाठी सूडाची वस्तू आठव्या ते दहाव्या मिनिटाला रंगमंचावर दिसली पाहिजे, आणि तेव्हा ती एखाद्या साध्या कामात वापरात असली पाहिजे. तुमच्या संहितेत आजी पूजेचे दर्भ निवडते. तोच धागा धरा. कसा, ते शेवटच्या उत्तरात सांगितलं आहे.

दुसरी अडचण म्हणजे तिघांना एकच शिक्षा आहे. तिघांचे गुन्हे वेगळे, तर हिशेबही वेगळे हवेत. चपला लपवणाऱ्याची दर सोमवारी फक्त डावी चप्पल नाहीशी होऊ द्या. पहिल्या वेळी तो चिडेल, दुसऱ्या वेळी मित्रांवर संशय घेईल, तिसऱ्या वेळी चप्पल पायाला दोरीने बांधून येईल. चौथ्या सोमवारी त्याच्या घरी खोकं येतं. त्यात तीन डाव्या चपला, धुऊन, पॉलिश करून, प्रत्येकीच्या तळव्यावर तारीख लिहिलेली. एक तारीख अजून यायची आहे. एवढं पुरे, संवाद लागत नाही. फक्त त्या तिन्ही चपला आधी नायिकेच्या हातात, आजीच्या देव्हाऱ्यातली भांडी घासावीत तशा ती घासत असताना, ओझरत्या दिसल्या पाहिजेत.

चित्रण करणाऱ्याला त्याच्या मोबाइलनेच गाठा. तो वाड्यात शिरून नायिकेचं चित्रण करतो. पडद्यावर ते चित्रण दिसतं तेव्हा तिच्या मागे काळ्या लुगड्यातली आजी उभी असते. रंगमंचावर तो मोबाइल खाली करून पाहतो तर तिथे कुणी नाही. हे चित्रण त्याच नेपथ्यात, त्याच प्रकाशात, पण आधी करून ठेवायचं. त्याच्या पावलांच्या जागा खडूने आखून ठेवा, म्हणजे चालू प्रयोगातला त्याचा कोन आणि चित्रणातला कोन जुळेल. एक फूट फरक पडला तरी प्रेक्षकाला बनाव कळतो.

तिसऱ्याचा, म्हणजे म्होरक्याचा हिशेब सर्वांत मोठा. त्याला मारू नका. मेलेल्या मुलाला लाज वाटत नाही. त्याच्या नावाची दशक्रियेची पत्रिका छापा. स्थळ रामकुंड, वेळ सकाळची, खाली 'शोकाकुल : शूर्पणखा, पंचवटी'. नाशिकच्या नावामागे शूर्पणखेच्या नाकाची परंपरागत कथा आहे, ती इथल्या प्रेक्षकाला सांगावी लागत नाही. म्हणून हा टोमणा इथे जितका झोंबतो तितका दुसऱ्या गावी झोंबणार नाही. पण त्याआधी तो नाटकात तीनदाच यावा. दहादा आला तर त्याची धार जाते आणि पत्रिकेवरची सही वाया जाते. पत्रिकेत त्या मुलाच्या आडनावात एक मात्रा चुकलेली ठेवा. आपण मेलो असं छापलंय यापेक्षा त्याला आधी आडनाव चुकल्याचा राग येतो. प्रेक्षक हसतो, आणि या मुलाचा अहंकार किती आहे हेही त्याला न सांगता कळतं.

नायिकेने संपूर्ण नाटकात आवाज चढवू नये. ती जितकी सभ्य, तितकं भय जास्त. "या ना, चहा घेता?" हे वाक्य तिने अगदी मनापासून म्हणायचं. हशा आला की तो ओसरायला लागेपर्यंत थांबा आणि मग पुढचं वाक्य टाका. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर लय मोडते, आणि भर हशात बोललात तर वाक्य बुडतं. नटांनी हे तालमीत मित्रमंडळींना बसवूनच शिकायचं, रिकाम्या खोलीत ते येत नाही.

प्रश्न : नायिकेचं काम करणारी मुलगी सावळी आहे. पांढरं पॅनकेक (रंगभूषेचा रंग) लावलं की चेहरा राखेसारखा दिसतो आणि मान वेगळी. चेहरा गोरा करायचा नाही, फिकट आणि थंड दिसायला हवा. (रंगभूषा करणारी वाचक, पंचवटी)

उत्तर : पांढरं थेट लावूच नका. सावळ्या कातडीवर पांढऱ्याचा पातळ थर निळसर करडा दिसतो, जाड थर मुखवट्यासारखा तडकतो. तिच्या रंगापेक्षा दोन छटा फिकट बेस (चेहऱ्याला आधी लावायचा मूळ रंग) घ्या आणि त्यात पांढरं चौथ्या हिश्शापर्यंतच मिसळा. आधी डोळ्यांखाली आणि ओठांभोवती केशरी रंगाचा करेक्टर अगदी पातळ लावा, नाहीतर तिथली काळसर छटा वरून करडी उमटते. मग ओल्या स्पंजने थापत लावा, घासू नका. कान, कानामागची बाजू, मान, गळ्याची खळी आणि दोन्ही हात मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत रंगवा. फिकट चेहरा आणि सावळे हात ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. शेवटी रंगहीन पावडर दाबून बसवा.

थंडपणा खरा येतो तो सावलीमुळे. गालाच्या हाडाखाली, कपाळाच्या कडेला आणि डोळ्यांच्या खोबणीत जांभळट तपकिरी छटा द्या. काळा नको. काळा फक्त पापणीच्या मुळाशी काजळ म्हणून, आणि तो बोटाने किंचित खाली ओढायचा. ओठ गडद मरून. इथे प्रकाशयोजनाकाराला सोबत घ्या. निळ्या प्रकाशात लाल आणि मरून काळे दिसतात, लाल प्रकाशात लाल ओठ चेहऱ्यात विरून जातात. अंबर, म्हणजे पिवळसर केशरी प्रकाशात तुमचा सगळा फिकटपणा पिवळा होईल. म्हणून रंगभूषा आरशासमोरच्या पांढऱ्या बल्बखाली ठरवू नका. रंगीत तालमीला प्रत्यक्ष प्रकाशात, दहाव्या रांगेतून पाहून ठरवा.

नवीन काहीही लावायच्या 24 तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून पाहा. रांगोळी, खडूची पूड, गेरू, ऑइल पेंट चेहऱ्यावर कधीही नको. काढताना खोबरेल तेल कापसावर घेऊन आधी रंग सैल करा आणि मग फेसवॉश लावा. साबणाने घासलं तर दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला कातडी लाल असते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी चांगलीच असते. तेव्हा ग्रीस बेस घट्ट होतो, म्हणून डबी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवून मगच उघडा.

प्रश्न : गॉथ म्हणजे नक्की कसे कपडे? बाहेरून मागवलेले लेस आणि कॉर्सेट आमच्या वाड्यात परके दिसतात. (देवळाली कॅम्प)

उत्तर : दिसणारच. ही शैली 1970 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या संगीताच्या वर्तुळातून वाढली, आणि तिच्यातला काळा रंग बराचसा तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या सुतकी पोशाखाची आठवण आहे. आपल्याकडे सुतकाचा रंग पांढरा. काळा अशुभ मानला जातो, आणि तरी संक्रांतीला मुद्दाम नेसतात. म्हणून तुमच्या नायिकेला आजीची चंद्रकळा द्या. ती संक्रांत सोडून 364 दिवस काळं नेसते, एवढ्यावर सगळं गाव तिच्याकडे वळून पाहतं. आणि संक्रांतीच्या दिवशी सगळा वर्ग काळ्यात येतो तेव्हा ती काय घालून येते, हा एक अख्खा प्रवेश आहे. दागिने ऑक्सिडाइज्ड घ्या. सराफ बाजारातली खरी चांदी प्रकाशात फार झळकते, शिवाय मागून आणलेली असली तर प्रयोगभर जीव टांगणीला. जोडवी देऊ नका. ती अविवाहित आहे आणि पहिल्या रांगेतल्या आज्या ते पाहतात.

काळ्या विंगांसमोर काळी मुलगी हरवते ही तक्रार आणखी दोघांनी केली आहे. एकाच काळ्यात दोन-तीन पोत मिसळा : सुती चंद्रकळा, जाळीची ओढणी, काठाला थोडं साटीन. आणि तिच्या मागच्या बाजूने उंचावरून एक फिकट निळा प्रकाश खांद्यांवर पडू द्या. खांद्यांची आणि केसांची कड उजळली की ती अंधारातून सुटी होते. समोरचा प्रकाश वाढवून हे होत नाही, त्याने फक्त चेहरा सपाट होतो.

प्रश्न : वाड्यातली लाइट जाते आणि जिला 'अमावास्या' म्हणून चिडवतात ती मुलगी अंधारात तिघा मुलांना एकेक करून घाबरवते असा प्रवेश आहे. पूर्ण अंधार केला तर प्रेक्षकाला काही दिसत नाही, मंद प्रकाश ठेवला तर मुलं तिला बघू शकतात हे उघड दिसतं. (एकांकिका गट, इंदिरानगर)

उत्तर : तुमच्या मुलांना कॉलेजचा पांढरा शर्ट आहे ना? मग हा प्रवेश अतिनील प्रकाशात करा, ज्याला बाजारात ब्लॅक लाइट म्हणतात. कपडे धुण्याच्या पावडरीत ऑप्टिकल ब्राइटनर असतात, ते अतिनील प्रकाश शोषून निळसर पांढरा प्रकाश बाहेर टाकतात. म्हणून धुतलेले पांढरे शर्ट अंधारात चमकतील आणि काळ्यातली मुलगी दिसणारच नाही. लपायला धावणारे तिघे सर्वांना लख्ख दिसतात, आणि जिला 'अमावास्या' म्हणून हिणवलं ती खरोखरच दिसेनाशी होते. यात विनोद आणि भय दोन्ही आयतं मिळतं.

आता काम कसं करायचं. 395 नॅनोमीटरचे एलईडी फ्लड (पसरट उजेडाचे दिवे) स्वस्त असतात, पण ते स्वतः जांभळे दिसतात आणि त्या जांभळ्या उजेडात मुलीची आकृती थोडी उमटते. 365 नॅनोमीटरचे महाग पडतात, पण दिसणारा उजेड बराच कमी. भाड्याने मिळाले तर तेच घ्या. दोन फ्लड, दोन्ही बाजूंच्या पहिल्या विंगेत, जमिनीपासून सात-आठ फुटांवर, तोंड रंगमंचाच्या मध्याकडे आणि किंचित खाली. प्रेक्षकांच्या किंवा नटांच्या डोळ्यांवर थेट येता कामा नयेत. नटांनी त्या दिव्यांकडे बघायचं नाही, हे तालमीतच सांगून ठेवा.

शर्ट चारही आठ दिवस आधी पावडरीने तीन-चार वेळा धुवा. चौथा राखीव. प्रत्येक कपडा दिव्याखाली धरून तपासा, कारण काही कापड मुळातच चमकतं आणि काही किती धुतलं तरी नाही. उलट मुलीच्या काळ्या कपड्यांवरचा पांढरा धागा, कापसाचा तंतू, केसातला कोंडा, सगळं चांदण्यासारखं चमकेल. रुंद चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून एंट्रीच्या आधी तिचे कपडे टिपून घ्या. काळे मोजे, काळे हातमोजे, चेहऱ्यावर काळी जाळी. जाळीशिवाय तिचे दात आणि डोळ्यांचं पांढरं दिसतं. एकदा मुद्दाम दिसू द्यायचं असेल तर म्होरक्याच्या खांद्यामागून, एकच क्षण, जाळी वर करून हसू दे. दोनदा केलंत तर प्रेक्षक तिसऱ्यांदाची वाट बघत बसेल.

हा प्रवेश 40 ते 50 सेकंदांचा ठेवा. त्याहून लांबला की डोळे अंधाराला सरावतात आणि काळी आकृतीही दिसू लागते. विंगेतली टॉर्च, प्रॉम्प्टरचा मोबाइल, ध्वनी टेबलावरचा छोटा दिवा, सगळं झाकलेलं हवं. बाहेर जाण्याच्या दारावरचा दिवा मात्र झाकू नका, तो सुरक्षिततेसाठी असतो. लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याच्या) कडांना अंधारात चमकणारी पट्टी लावा आणि धावणं प्रत्यक्षात चालणंच ठेवा. आठ आकडी मोजणीवर बांधलेलं चालणं अंधारात धावण्यासारखं दिसतं, आणि कुणी पायरीवरून पडत नाही. हा प्रवेश आधी उजेडात दहा वेळा, मग अंधारात.

प्रश्न : रक्त घरी कसं करावं? टोमॅटो सॉस चालेल का? (सातपूर)

उत्तर : सॉस प्रकाशात नारिंगी दिसतो, ओघळत नाही, आणि वास तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. काकवी घ्या. मुळातच तांबूस तपकिरी असते, म्हणून सुकल्यावरही जुन्या रक्तासारखी दिसते. चार मोठे चमचे काकवी, एक चमचा पाणी, अर्धा छोटा चमचा खाण्याचा लाल रंग. पारदर्शक दिसू नये म्हणून अर्धा छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, तो आधी थंड पाण्यात कालवून मग घाला, नाहीतर गुठळ्या राहतात. तोंडात घेतलं तरी चालतं. कपड्यावर लावायचं असेल तर वेगळ्या बाटलीत भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, डाग सुटायला मदत होते. त्या बाटलीवर मोठ्या अक्षरात तसं लिहा, कारण ती तोंडात जाता कामा नये. प्रवेश संपला की ओल्या फडक्याने जागा पुसा. चिकट फरशीवर पुढच्या प्रवेशातला नट घसरतो, आणि मध्यंतरात मुंग्या येतात.

या नाटकांत रक्त फार वापरू नका असं आमचं स्पष्ट मत आहे. एकदा दिसलं तर धक्का, तीनदा दिसलं तर प्रेक्षक कपडे कोण धुणार याचा विचार करतो.

प्रश्न : वाड्यातलं बळद (धान्य साठवायची अंधारी कोठी) दाखवायला दोन फुटी लेव्हल पोकळ ठेवली आहे. त्यात एक मुलगा पडून राहील आणि वरून ड्राय आइसचा धूर सोडू. किती लागेल? (त्र्यंबकेश्वर)

उत्तर : असं करू नका. ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंशांवर. एक किलोपासून पाचशे लिटरपेक्षा जास्त वायू होतो, तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो आणि नेमका खड्ड्यात साचतो. तुमचा मुलगा त्याच खड्ड्यात आहे. गुदमरायला वेळ लागत नाही, आणि बळदातून त्याची हाक वर येईलच असं नाही.

माणूस आत असेल तर फॉग मशीन वापरा, तेही त्याच्या डोक्यापासून लांब, विंगेतून. मशीन तापायला काही मिनिटं लागतात, म्हणून प्रवेशाच्या बऱ्याच आधी चालू करून ठेवा. नळीच्या समोरची फरशी ओशट होते, तिथे कुणाची एंट्री ठेवू नका. वाफेचा लोट नाट्यगृहाच्या एसीकडे ओढला जातो. तो कुठे जातो हे रंगीत तालमीला बघा, आणि धूर वापरणार हे नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला आधी सांगा.

जमिनीवरून सरपटणारं धुकंच हवं असेल आणि तिथे कुणी झोपलेलं किंवा बसलेलं नसेल तरच ड्राय आइस वापरा. जाड हातमोजे घालूनच हात लावा. झाकण सैल असलेल्या थर्मोकोलच्या पेटीत ठेवा. हवाबंद डब्यात किंवा बाटलीत कधीही नको, ती फुटते. प्रयोगाच्या दिवशीच आणा, कारण पेटीत ठेवलं तरी ते हवेत उडून जातं. आणताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा.

प्रश्न : ध्वनीचे इफेक्ट तालमीत बरोबर बसतात, प्रयोगात दरवाजाची करकर नेहमी उशिरा येते. (सिडको)

उत्तर : तालमीत तार होती आणि प्रयोगात ब्लूटूथ, असं असणार. ब्लूटूथला आवाज पोहोचायला लागणारा वेळ विनोदाच्या क्षणासाठी फार जास्त आहे. लॅपटॉप ते मिक्सर तारेनेच जोडा. आणि करकर रेकॉर्ड करण्यापेक्षा विंगेत जुनी बिजागरी असलेलं एक फळकूट ठेवा. नट दाराला हात लावताना पाहून माणसाने केलेली करकर कधी चुकत नाही.

प्रश्न : नववी-दहावीच्या मुलांकडून असं नाटक करून घ्यायचं आहे. मुलं सूड शिकतील अशी पालकांची भीती आहे. शिवाय मारहाणीचा प्रवेश आहे. (शिक्षिका, नाशिक रोड)

उत्तर : पालकांच्या भीतीला उत्तर संहितेतच देता येतं. सूडाच्या आधी तक्रारीचा प्रवेश घाला. महाराष्ट्रात रॅगिंगला मनाई करणारा कायदा 1999 चा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. त्याने दुर्लक्ष केलं तर त्यानेच या कृत्याला साथ दिली असं धरलं जातं. हे नाट्याच्या दृष्टीनेही फार उपयोगी आहे. नायिका अर्ज देते, प्राचार्य तो चहाच्या कपाखाली ठेवतात, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं रोज एक पान फाटतं. सातवं पान फाटलं की सूड सुरू. आता छळणाऱ्यांइतकेच प्राचार्यही प्रेक्षकाच्या वहीत जमा झालेले असतात. तुमच्या वर्गात असं खरंच घडत असेल तर मुलांना 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीचा 1800-180-5522 हा क्रमांक तालमीच्या पहिल्या दिवशीच द्या.

छळणाऱ्याची भूमिका वर्गात खरोखर दांडगाई करणाऱ्याला देऊ नका, आणि जिला खरोखर चिडवतात तिला नायिका करू नका. तालमीत दोन आठवडे भूमिका आलटून-पालटून वाचायला लावा. टोपणनावं वर्गातली खरी घेऊ नका, एकही नाही.

थप्पड खोटीच मारायची. मारणारा आणि खाणारा समोरासमोर, खाणाऱ्याची पाठ तिरपी प्रेक्षकांकडे. आधी नजरानजर, मग मारणाऱ्याचा हात चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून जातो. त्याच क्षणी खाणारा स्वतःच्या छातीसमोर, प्रेक्षकांना न दिसणारी टाळी वाजवतो आणि मान हाताच्या दिशेने वळवतो. आवाज खाणाऱ्याचा असतो, म्हणून वेळ चुकत नाही. आधी अर्ध्या वेगाने वीस वेळा. कानाजवळून हात नेऊ नका. चुकून लागला तर कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते.

प्रश्न : संहितेला परवानगी लागते का? (सिन्नर)

उत्तर : जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. स्पर्धेचा अर्ज भरताना ते विचारतात. संहिता पाठवल्यावर शेवट बदललात तर बदललेली पानंही कळवा.

प्रश्न : आमच्याही नाटकात शेवटी रामकुंडावर दशक्रियेचा प्रवेश आहे. जिवंत मुलगा स्वतःच्या पिंडासमोर बसलेला. कावळा कसा आणायचा? आणि लोकांना हे खटकणार नाही ना? (गंगापूर रोड)

उत्तर : खटकेल की नाही हे तुम्ही कुणावर हसायला लावता यावर आहे. विधी, मंत्र, गुरुजी यांच्यावर हसायचं नाही. मंत्र म्हणूच नका. गुरुजींचं पात्र नको. पिंड कागदाच्या लगद्याचे करा, भाताचे नकोत, कारण खऱ्या अन्नाचा तसा वापर प्रेक्षकाला बोचतो आणि मन विनोदावरून उडतं. हसायचं ते फक्त त्या मुलावर, जो आयुष्यात पहिल्यांदा एका कावळ्याची मनधरणी करतो आहे.

जिवंत पक्षी कुठल्याही कारणाने आणू नका. सावली वापरा. दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यातून 20 सेंटिमीटरचा कावळा कापा, चोच आणि मान वेगळी, बारीक खिळ्यावर हलणारी. मानेला सायकलचा स्पोक बांधा. मागे मांजरपाटाचा पडदा, ओला असताना चौकटीवर ताणून ठोकलेला, म्हणजे सुकल्यावर सुरकुती राहत नाही. दिवा पडद्यापासून 4 मीटरवर, कावळा दिव्यापासून 1 मीटरवर धरला की सावली चौपट, म्हणजे 80 सेंटिमीटरची पडते. दिव्याकडे सरकवाल तसा कावळा मोठा होतो. अर्ध्या मीटरवर आणलात की तो मुलापेक्षा मोठा दिसतो. ही वाढ सावकाश, पंधरा सेकंदांत करा.

दिवा एकाच बिंदूचा हवा. अनेक एलईडी असलेल्या टॉर्चने एका कावळ्याचे सहा कावळे होतात. एकच एलईडी असलेल्या टॉर्चचा परावर्तक काढून टाका. 5 मिलिमीटरच्या उघड्या दिव्याने चौपट सावलीची कड दीड सेंटिमीटर पसरते, ते चालतं. 5 सेंटिमीटरच्या परावर्तकासकट तीच कड 15 सेंटिमीटर पसरेल, आणि कावळा म्हणजे नुसता ढग होईल.

प्रवेशाची बांधणी अशी करा, पहिल्या पत्रातल्या वाड्याच्या नाटकालाही हीच चालेल. कावळा येतो, पिंडाकडे बघतो, मान वळवतो. शिवत नाही. लोकांनी घाटावर हे पाहिलेलं असतं. मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर नातेवाईक हात जोडून सांगतात, तुझं अमुक आम्ही बघू. इथे मेलेला स्वतःच बसला आहे, आणि वचनही त्यालाच द्यायचं आहे. तो आधी पैशाचं सांगतो, कावळा उडतो आणि पुन्हा बसतो. मग तो दुसऱ्या दोघांवर ढकलतो. कावळा त्याच्याकडे पाठ करतो. इथे सर्वांत मोठा हशा येईल, त्याला पूर्ण जागा द्या. तिसऱ्या वेळी तो तिचं खरं नाव घेतो. संपूर्ण नाटकात ते नाव कुणीही घेतलेलं नसलं पाहिजे, आजीनेसुद्धा तिला 'बाळ' म्हणूनच हाक मारलेली असावी.

तरीही कावळा शिवत नाही. आता आजीच्या हातचे ते दर्भ बाहेर येतात. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात, ही रीत प्रेक्षकाला ठाऊक आहे, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याने ते दर्भ निवडताना पाहिले आहेत. नायिका पिंडासमोर बसून सावकाश दर्भाचा कावळा वळते. दर्भ आधी तासभर पाण्यात भिजवलेले हवेत, कोरडे दर्भ वळताना तुटतात. मोजून सात दर्भ, तीन वळणं, गाठ. तिने हे तालमीत इतक्या वेळा करावं की मुलाकडे बघत, हाताकडे न बघता, 25 सेकंदांत व्हावं. मुलगा सुटकेने हात पुढे करतो. ती तो कावळा त्याच्या हातात देत नाही, पिंडालाही लावत नाही. आपल्या वहीत, वटवाघळांच्या पानात ठेवते, वही मिटते आणि म्हणते, "उद्या या." प्रकाश तिच्यावरून आधी जातो, मुलावरून तीन सेकंदांनी, आणि पडद्यावरची कावळ्याची सावली शेवटी.